पुस्तकातली लाट आणि मांद्र्याची लाट

गोव्यातल्या मांद्र्याहून बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "पुस्तकात लिहिलंय की तरंगाबरोबर ऊर्जा पुढे जाते, माध्यमाचे कण जागच्या जागी हलतात. माझे बाबा रापणीला जातात. ते म्हणतात, लाट पाणी आणत नाही असं म्हणणाऱ्याने जूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दाखवावं. मग खरं कोण? दुसरं, पाणी हवेपेक्षा एवढं जड असताना आवाज पाण्यातून चौपट वेगाने कसा जातो? आणि माध्यम बदललं की वेग आणि तरंगलांबी बदलते पण वारंवारता बदलत नाही, हे मी पाठ केलंय. का, ते कुणी सांगितलं नाही."

बाय, तुझे बाबा आणि तुझं पुस्तक, दोघंही खरं सांगताहेत. दोघं वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्याबद्दल बोलताहेत, एवढंच. पुस्तकातलं पाणी लाट फुटते त्या रेषेच्या पलीकडचं आहे, बाबांचं अलीकडचं. मी अठ्ठावीस वर्षं गोव्याच्या किनाऱ्यासमोर लाटा आणि खोली मोजण्याचं काम केलं. त्यातला बहुतेक काळ त्या रेषेच्या पलीकडे गेला, म्हणून आधी तिथलं सांगतो.

पुढच्या वेळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं, टाकतील तेव्हा, दोर ओढायला सुरुवात व्हायच्या आधी, जाळ्याच्या वरच्या दोराला बांधलेल्या तरंगत्या गोळ्यांपैकी एकाच गोळ्यावर नजर ठेव. लाटेचा माथा त्याच्याखाली आला की तो वर चढतो आणि किंचित किनाऱ्याकडे सरकतो. खळगा आला की खाली उतरतो आणि जवळजवळ तेवढाच मागे जातो. वर, पुढे, खाली, मागे असं एक वर्तुळ पुरं होतं. लाट मात्र त्याला ओलांडून केव्हाच पुढे गेलेली असते. दहा सेकंदांच्या अंतराने माथे येताहेत आणि लाटेची उंची एक मीटर आहे असं धर. खोल समुद्रात अशी लाट सेकंदाला १५.६ मीटर, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर वेगाने धावते. त्याच लाटेतलं पाणी मात्र एक मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरतं, तेही सेकंदाला जेमतेम ३१ सेंटीमीटरने. लाटेचा वेग पाण्याच्या वेगाच्या पन्नास पट. पुस्तकातलं वाक्य इथून आलं आहे, आणि इथे ते बरोबर आहे.

खाली जावं तसं हे वर्तुळ लहान होत जातं. या लाटेची लांबी १५६ मीटर. तिच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ७८ मीटरवर, वर्तुळाचा व्यास चार सेंटीमीटर उरतो. वर एवढी खळबळ असताना पाणबुडी खाली शांत राहू शकते ती यामुळे.

एक बारीक दुरुस्ती मात्र पुस्तकाने करायला हवी होती. ही वर्तुळं पूर्ण बंद होत नाहीत. माथ्यावर असताना पाणी किंचित जास्त पुढे जातं आणि खळग्यात किंचित कमी मागे येतं. जॉर्ज स्टोक्स यांनी १८४७ मध्ये याचं गणित मांडलं. आपल्या एक मीटरच्या लाटेत ही वाढीव सरक सेकंदाला सहा मिलिमीटर भरते, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा किलोमीटर. भर समुद्रात पडलेला नारळ अखेर कुठल्यातरी किनाऱ्याला लागतो त्यात या सरकीचा वाटा असतो. वारा आणि प्रवाह यांचा वाटा बहुधा त्याहून मोठा.

आता बाबांच्या पाण्यात येऊ.

पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. गोव्यासमोर समुद्राचा तळ फार सावकाश उतरतो, त्यामुळे हे किनाऱ्यापासून खूप दूर सुरू होतं. उथळ पाण्यात लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो. खोलीला ९.८ ने गुण आणि वर्गमूळ काढ. दोन मीटर खोलीवर उत्तर येतं सेकंदाला ४.४ मीटर. म्हणजे ताशी ५६ किलोमीटरने निघालेली लाट आता ताशी १६ वर आली. पुढची लाट मंदावते, मागची अजून वेगात असते, दोघींमधलं अंतर आवळत जातं. १५६ मीटरची लांबी ४४ मीटर होते. ऊर्जा मात्र तेवढीच येत राहते, ती कमी जागेत कोंबली जाते आणि लाट उंच होते. एक मीटरची सव्वा-दीड मीटरच्या मध्ये कुठेतरी पोचते.

इथे लाटेचा वेग उतरतो आहे आणि लाट उंचावल्यामुळे माथ्यावरच्या पाण्याचा वेग वाढतो आहे. खोल समुद्रात जे अंतर पन्नास पट होतं ते मिटत जातं आणि एका क्षणी माथ्यावरचं पाणी लाटेलाच गाठतं, तिच्या पुढे झुकतं आणि कोसळतं. लाट फुटणं म्हणजे हेच. सपाट तळावर हे साधारणपणे लाटेची उंची खोलीच्या ०.७८ पट झाली की घडतं, म्हणून आपली लाट दोन मीटरच्या आतबाहेर फुटेल. त्यानंतर जे किनाऱ्याकडे धावत येतं ते खरंखुरं पाणी असतं. लाट हजारो मीटर जो संवेग वाहून आणत होती तो तिने इथे पाण्याला देऊन टाकला. जूनमध्ये तीन मीटरच्या लाटा येतात तेव्हा बाबांच्या कमरेला बसतो तो धक्का पाण्याच्या वस्तुमानाचा असतो. बाबा अगदी बरोबर आहेत.

यातलाच एक भाग मला प्रत्येक मुलाला सांगावासा वाटतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे. फुटलेल्या लाटांनी आत आणलेलं पाणी किनाऱ्यालगत साठतं, त्याला परत जायचं असतं. ते सगळीकडून सारखं परतत नाही. वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट खाच असेल तिथून एकवटून बाहेर धावतं. हाच रिप करंट. पट्टीचा पोहणारासुद्धा त्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, इतका वेग त्याला कधी कधी येतो. फसवं हे की जिथे तो असतो तिथे खोली जास्त असल्यामुळे लाटा कमी फुटतात, फेस कमी दिसतो, आणि बाहेरून आलेल्याला तीच जागा पोहायला सुरक्षित वाटते. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा दिसला तर तिथे उतरू नये. सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडत न राहता किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यावं आणि मग फेसाळ लाटांबरोबर आत यावं. तो प्रवाह माणसाला बाहेर नेतो, खाली ओढत नाही. माणूस बुडतो तो दमून. तुझ्या गावी उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना हे सांगशील तर मला फार बरं वाटेल.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक सवय तुला देतो. कोणताही तरंग समोर आला की मी दोन गोष्टी विचारतो. जागेवरून हललेल्याला परत कोण खेचतं? आणि परत खेचला जात असताना त्याला जागेवर यायला उशीर कशामुळे होतो? पहिल्याचं उत्तर म्हणजे माध्यमाचा ताठरपणा, दुसऱ्याचं म्हणजे त्याचं जडत्व. खेच जितकी जबर तितका तरंग वेगवान, जडत्व जितकं मोठं तितका मंद. ताठरपणाला घनतेने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, की वेग आला. तारेवरचा तरंग, हवेतला आवाज, लोखंडातला ठोका, सगळ्यांना हे एकच सूत्र पुरतं.

समुद्राच्या लाटेत परत खेचणारं गुरुत्वाकर्षण आहे. तिथे एक सुंदर गोष्ट होते. पाणी जितकं जड तितका त्याचा माथा खाली यायला जोरात ओढला जातो, आणि जितकं जड तितकं ते हलायला आळशी. दोन्हीकडे तेच वस्तुमान, म्हणून ते कटून जातं. समुद्रात पाण्याऐवजी खोबरेल तेल असतं तरी दहा सेकंदांची लाट सेकंदाला १५.६ मीटरनेच धावली असती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत तीनदा तपासून पाहिलं होतं.

आवाजाचं तसं नाही. तिथे परत खेचतो तो दाबाला होणारा विरोध, आणि तो प्रत्येक पदार्थात वेगळा. तुला वाटतं 'जड म्हणजे मंद'. हा विचार चुकलेला नाही, अर्धा आहे. ताठरपणा सारखाच असेल तर जड माध्यमात आवाज मंदच जातो. हेलियम हवेपेक्षा हलका आणि दाबायला जवळपास तितकाच सोपा, म्हणून त्यात आवाज सेकंदाला सुमारे हजार मीटरने जातो, हवेच्या जवळजवळ तिप्पट. पण पाण्याची आणि हवेची तुलना करताना ताठरपणाकडे बघ. पाण्याचं आकारमान फक्त एक टक्का कमी करायचं तर सुमारे २२० वातावरणांइतका दाब लागतो (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा दाब). हवेला तेवढं दाबायला एका वातावरणाच्या दीड टक्क्याहूनही कमी दाब पुरतो. हिशेब केला तर पाणी हवेपेक्षा साधारण साडेपंधरा हजार पट ताठर आहे आणि सुमारे ८३० पट जड. साडेपंधरा हजाराला ८३० ने भाग, वर्गमूळ काढ. उत्तर ४.३. हवेतला वेग २० अंश सेल्सिअसला ३४३ मीटर, त्याला ४.३ ने गुणलं की १४८० च्या घरात येतं, आणि गोड्या पाण्यात मोजलेला वेगही तोच. तुझं 'चौपट' या भागाकारातून आलं आहे.

पोलादात तो पाच हजारांवर जातो, कारण पोलाद पाण्याच्या जवळपास आठ पट जड असलं तरी ताठरपणात त्याहून कितीतरी पुढे आहे. उलट शिसं पोलादाहून जड आणि मऊ, तेव्हा शिशाच्या सळीत आवाज सेकंदाला १२०० मीटरच्या आसपास, म्हणजे पाण्याहूनही मंद. घन पदार्थात आवाज वेगाने जातो असं सरसकट लिहिलेलं दिसलं की शिसं आठव.

या सूत्राने न्यूटनलाही चकवलं होतं. १६८७ च्या प्रिन्सिपिया या ग्रंथात त्यांनी हवेतल्या आवाजाचा वेग काढला आणि तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी आला. हवा दाबली जाते तेव्हा तापते आणि आवाजाची थरथर इतकी जलद असते की ती उष्णता निसटायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा जास्त ताठर असते. लाप्लास यांनी १८१६ मध्ये ही दुरुस्ती केली आणि आकडा जुळला. पाण्यातला वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १८२६ मध्ये जिनिव्हाच्या तळ्यात. कोलादोन आणि स्टुर्म यांनी एका होडीखाली पाण्यात घंटा वाजवली, त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडवला, आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या होडीत पाण्यात नळी धरून ऐकणाऱ्याने उजेड आणि आवाज यांतलं अंतर मोजलं. ८ अंश तापमानाच्या पाण्यात वेग १४३५ मीटर आला. घड्याळ, घंटा आणि नळी एवढ्यावर काढलेला तो आकडा आजच्या यंत्रांपुढेही टिकतो.

आणि कणांच्या हालचालीचं प्रमाण इथेही ध्यानात घे. तू घरात नेहमीच्या आवाजात बोलतेस तेव्हा तुझ्या आईच्या कानाजवळची हवा मिलिमीटरच्या सुमारे लाखाव्या भागाइतकीच मागेपुढे होते. शब्द ३४३ मीटरच्या वेगाने पोचतात, हवा मात्र तोंडापासून कानापर्यंत गेलेली नसते.

तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे सर्वांत छोटं उत्तर आहे. लाटा मोज. समज, तू मांद्र्याच्या किनाऱ्यावर उभी राहून मिनिटाला किती लाटा येतात ते मोजलंस आणि बाहेर वीस मीटर खोलीवरच्या होडीतून बाबांनीही मोजल्या. बाबांना मिनिटाला सहा आणि तुला चार असं कायम येत राहिलं, तर दर मिनिटाला दोन लाटा मधल्या पट्ट्यात गेल्या कुठे? तासाभरात तिथे १२० लाटा साठायला हव्या होत्या. त्या साठत नाहीत आणि विरूनही जात नाहीत, म्हणजे जितक्या आत शिरतात तितक्याच बाहेर पडतात. वारंवारता न बदलण्याचं कारण एवढंच. सीमेच्या या बाजूचा कण सेकंदाला दोनशे वेळा हलला तर त्याला चिकटलेला पलीकडचा कणही दोनशे वेळाच हलणार. दर सेकंदाला किती ठोके, हे ठोकणारा ठरवतो. ठोका किती वेगाने जाणार, हे माध्यम ठरवतं. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती अंतर पडणार, हे त्या दोघांच्या हिशेबातून निघतं आणि तीच तरंगलांबी. म्हणून वेग बदलला की मार पडतो तो तरंगलांबीला.

माध्यमाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं हे मी मांडवीत शिकलो. खोली मोजायचं यंत्र होडीच्या बुडातून २ लाख हर्ट्झचा आवाज खाली सोडतं, तळावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि वेगाने गुणून खोली दाखवतं. आवाजाचा वेग मात्र आपण त्याला सांगावा लागतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी मे महिन्यात खाऱ्या, तापलेल्या पाण्यासाठी १५४० मीटर हा वेग लावला होता आणि जुलैत नदीत काम करायला गेलो तेव्हा तो बदलला नाही. जुलैत मांडवी पावसाच्या गोड्या, थंड पाण्याने भरलेली असते. तिथे वेग १५०० च्या आसपास उतरलेला होता. सकाळभर मोजमाप झाल्यावर साखळीला बांधलेली लोखंडी पाटी यंत्राखाली बरोबर पाच मीटरवर सोडून पडताळा घेतला, तर यंत्राने ५.१३ मीटर दाखवलं. म्हणजे आम्ही सकाळपासून नदी आहे त्याहून खोल दाखवत होतो. दहा मीटरला सत्तावीस सेंटीमीटर. खनिजाने भरलेल्या बार्जच्या बुडाखाली तेवढं पाणी असणं-नसणं हा मोठा फरक आहे. सगळं काम पुन्हा केलं, आणि त्यानंतर पाटी सोडल्याशिवाय मी एकही दिवस मोजणी सुरू केली नाही.

मीठ मिसळल्याने पाणी जड होतं, तरी आवाज वेगाने जातो, हे तुला खटकलं असेल. दोन प्रश्न लाव. मिठामुळे घनता थोडी वाढते, ताठरपणा त्याहून जास्त वाढतो. उष्णतेचंही तसंच, कोमट समुद्राचं पाणी थंड पाण्यापेक्षा दाबायला अवघड असतं.

वेग जागोजागी वेगळा असला की तरंग वळतो, त्याला अपवर्तन म्हणतात. पुस्तकात ते भिंग आणि काचेच्या चिपेत अडकून राहिलं आहे, पण तुझ्या दारात ते रोज घडतं. भर समुद्रात लाटा नैऋत्येकडून तिरप्या येत असतात, पण किनाऱ्याला लागताना जवळजवळ समांतर होतात. रापणीचा दोर धरून चालणाऱ्या माणसांच्या रांगेचं एक टोक मऊ वाळूत शिरलं की ते मागे राहतं आणि सगळी रांग त्या बाजूला वळते. लाटेचं जे टोक आधी उथळ पाण्यात शिरतं ते असंच मागे राहतं. खडकाळ नाकाड समुद्रात पुढे आलेलं असेल तर त्याच्या समोरचा तळ उथळ असतो, लाटा दोन्हीकडून तिथे वळतात आणि ऊर्जा एकवटते. वागातोरच्या किंवा काब द रामच्या खडकांवर पाणी तेवढं उसळतं ते यामुळे. पाळोळेसारख्या आत वळलेल्या किनाऱ्यावर तीच ऊर्जा पसरून पातळ होते.

हवेतही हे ऐकू येतं. कार्तिकात पहाटे काकड आरतीची घंटा वायंगणाच्या शेतांपलीकडच्या गावातून स्पष्ट येते, दुपारी तीच घंटा ऐकू येत नाही. पहाट शांत असते हे खरं, पण कारण तेवढंच नाही. रात्रभर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार राहते. उबदार हवेत आवाज दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटर जास्त वेगाने जातो. तरंगाचा वरचा भाग पुढे सरतो आणि सगळा तरंग जमिनीकडे वाकतो. दुपारी तापलेल्या जमिनीवर याच्या उलट होतं आणि आवाज आभाळाकडे निघून जातो.

हवा आणि पाणी यांच्या सीमेवर मात्र वळण्यापेक्षा परतणंच जास्त. घनता आणि वेग यांचा गुणाकार दोन्हीकडे जितका वेगळा तितका तरंग परत फिरतो, आणि इथे तो फरक सुमारे ३६०० पटींचा आहे. हवेतून पाण्यावर सरळ पडलेल्या आवाजाच्या ऊर्जेतला हजारातला एखादा भाग आत जातो. म्हणून बुडी मारल्यावर किनाऱ्यावरून मारलेली हाक ऐकू येत नाही, पण दूरच्या ट्रॉलरचं इंजिन ऐकू येतं, कारण त्याचा आवाज पाण्यातच जन्मलेला असतो. मासे शोधणारं यंत्रही याच फरकावर चालतं. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि आवाज तिच्यावरून जोरात परततो.

प्रकाशाजवळ माझे दोन प्रश्न थांबतात. त्याला माध्यम लागतच नाही. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी ते माध्यम शोधायचा कसोशीने प्रयत्न केला आणि हाती काही लागलं नाही. तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना उठवत पुढे जातात. समुद्राचं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून मोबाइलचा तरंग त्यात सेंटीमीटरभरात विझतो. पाण्याखाली निरोप द्यायला देवमाशाने आणि माणसाने आवाजच निवडला, कारण तिथे दूरवर टिकणारा तरंग तोच.

खडकातल्या तरंगांबद्दल एवढंच सांगतो. द्रव फक्त दाबाला विरोध करतो, बाजूला सरकवण्याला करत नाही, म्हणून त्याच्या पोटातून अवतरंग, म्हणजे कणांना आडवं हलवणारे तरंग, जात नाहीत. खडक दोन्हीला विरोध करतो, म्हणून भूकंपाचे दोन वेगवेगळे धक्के येतात. १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींवरून रिचर्ड ओल्डहॅम यांनी ते वेगळे ओळखले. आणि समुद्राच्या लाटाही जमीन हलवतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भूकंपमापकावरची बारीक थरथर आणि अरबी समुद्रातलं खवळलेलं हवामान यांचा संबंध १९३० मध्ये मांडला होता. कुलाब्याच्या खडकाला पावसाळ्याचा समुद्र जाणवत होता.

आता तुला एक मोजमाप देतो, ते तू स्वतः करू शकतेस. खोल समुद्रात लाटेचा वेग तिच्या आवर्तकालावर, म्हणजे एका माथ्यानंतर दुसरा यायला लागणाऱ्या सेकंदांवर, ठरतो. लांब काळाची लाट पुढे पळते, आखूड काळाची मागे राहते. त्यात आणखी एक गंमत आहे. एकेक माथा सेकंदाला १.५६ गुणिले आवर्तकाल इतक्या मीटरने धावतो, पण लाटांचा सगळा जथा त्याच्या निम्म्या वेगाने, ०.७८ गुणिले आवर्तकाल, इतकाच पुढे सरकतो. माथे जथ्याच्या मागच्या टोकाला जन्मतात, पुढच्या टोकाला विरतात. वादळाची ऊर्जा आपल्यापर्यंत पोचते ती जथ्याच्या वेगाने.

एप्रिल-मेमध्ये कधी कधी वारा पडलेला असताना मांद्र्याला लांबलचक, सावकाश लाटा येतात. त्या दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांनी पाठवलेल्या असतात. अशा दिवशी पहाटे, दुपारचा खारा वारा सुटून त्याच्या चार-पाच सेकंदांच्या लाटा वर चढायच्या आधी, घड्याळ घेऊन दहा लाटा लागायला किती वेळ लागतो ते मोज आणि दहाने भाग. असं चार-पाच वेळा करून सरासरी काढ. मग दर काही तासांनी मोजत राहा. डिसेंबर-जानेवारीत नको, तेव्हा अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांच्या सहा-आठ सेकंदांच्या लाटा वायव्येकडून येतात आणि गोंधळ होतो.

समज, पहिल्या सकाळी १८ सेकंद आले आणि २८ तासांनी १५ वर उतरले. १८ सेकंदांचा जथा सेकंदाला १४.०४ मीटरने आला, १५ चा ११.७ मीटरने. दोघं एकाच वादळातून एकाच वेळी निघाले असतील, तर एकेका मीटरमागे दुसऱ्याला ०.०१४२४ सेकंद उशीर झाला. २८ तासांचे १,००,८०० सेकंद त्याने भाग. सुमारे सत्तर लाख मीटर, म्हणजे सात हजार किलोमीटर. नकाशावर गोव्यापासून दक्षिणेला तेवढं अंतर घे, विषुववृत्त ओलांडून ५० अक्षांशाच्या जवळपास पोचशील, जिथे वर्षभर वादळं घोंघावतात. निघायची वेळही काढ. १८ सेकंदांच्या लाटेला तेवढं अंतर कापायला पावणेसहा दिवस लागले.

वहीत तारीख, वेळ आणि सेकंद लिहून ठेव. शेजारी बाबांना विचारून त्या दिवशी रापण ओढायला किती जड गेली तेही लिही. त्यांची जागा फुटणाऱ्या रेषेच्या अलीकडे आहे, आणि तिथलं मोजमाप माझ्या कुठल्याही यंत्राने त्यांच्याइतकं जवळून केलेलं नाही.